दगडफुलांचे नमुने: आणताना आणि ठेवताना

इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलातून आणलेल्या दगडफुलांना पिशवीतच बुरशी लागली, आता कॉलेजच्या संग्रहालयासाठी पुन्हा आणायची तर कशी, असं तुम्ही विचारलंय.

दोष प्लास्टिकच्या पिशवीचा. ओलं दगडफूल, म्हणजे लायकेन, कोंडलं की बुरशी धरणारच. जंगलातच कागदी पाकिटात टाका, प्रत्येक नमुना वेगळा. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी पाकिटं उघडून सावलीत, पंख्याखाली ठेवा. घाई म्हणून ओव्हनमध्ये मुळीच नको.

पानासारखी पसरणारी जात कोरडी असताना ओढली की चुरा होतो. थोडं पाणी शिंपडून मिनिटभर थांबा, ती मऊ पडते, मग चाकूचं पातं खालून सरकवून उचला. खोडाला रंग फासल्यासारखी चिकटलेली असते ती मात्र सुटी निघतच नाही. सालीचा पातळ कापा काढावा लागतो, तोही आतल्या जिवंत भागाला धक्का न लावता. दगडावरच्या नमुन्यासाठी छिन्नी-हातोडी आणि डोळ्यांना चष्मा. सगळा ठिपका खरवडून आणू नका. अनेक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात.

माझ्या मते नमुन्याहून चिठ्ठी मोलाची. तारीख, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, गोळा करणाऱ्याचं नाव, नमुना क्रमांक, आणि कशावर होतं ते. नुसतं 'झाडावर' लिहून भागत नाही; मोह की ऐन, खोड की फांदी, सावलीत की उघड्यावर, हे हवं. ओल्यापणी हिरवट दिसणारं वाळल्यावर राखाडी होतं, म्हणून रंग तिथेच टिपा. इंदूरच्या सियागंज बाजारात मसाल्याचं दगडफूल पोत्याने मिळतं, पण त्यात बरेचदा दोन-चार जाती मिसळलेल्या असतात आणि कुठल्या जंगलातलं ते कुणालाच माहीत नसतं. गोडा मसाल्याला उत्तम, संग्रहाला निरुपयोगी.

वाळलेला नमुना आम्लविरहित कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवा, चिठ्ठी पाकिटाच्या दर्शनी बाजूला. चुरा होणारा असेल तर आधी जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. कपाटात जाण्यापूर्वी पाकीट प्लास्टिकमध्ये सीलबंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, किडे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, नाहीतर दव धरेल. जात ओळखण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून रंग कसा बदलतो ते बघायचं असेल तर कडेचा बारीक तुकडा तोडून त्यावर बघा आणि निकाल पाकिटावर लिहा.

परवानगीचं आधी बघा. राखीव जंगलात डीएफओंचं, म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्यांचं, लेखी पत्र हवं. इंदूरजवळचं रालामंडल तर अभयारण्य आहे, तिथे मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या परवानगीशिवाय एक सालपटसुद्धा उचलायचं नाही.

जात ओळखता आली नाही तर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत लायकेनचा मोठा संग्रह आहे. नमुन्याचा थोडा भाग चिठ्ठीच्या प्रतीसह पाठवता येईल का, हे त्यांना आधी पत्राने विचारा.