कादंबरी आधी प्यायची, मग वाचायची

फोंड्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. पावसाळ्यात त्यांनी एक कादंबरी आणि एक आठवणींचं पुस्तक लागोपाठ वाचलं, त्यावर वाचनमंडळासाठी टिपण लिहिलं आणि मथळा दिला ‘नुकत्याच वाचलेल्या दोन कादंबऱ्या’. एका सभासदाने हरकत घेतली. बरोबर कोण?

हरकत घेणारा. मथळ्यात ‘पुस्तकं’ लिहा, वाद मिटला.

पण ही चूक ताईंची एकटीची नाही, म्हणून जरा चिडूनच लिहितो. हल्ली ज्यात पाककृती नाहीत आणि ज्याने उशी उंच होते असं कुठलंही पुस्तक ‘कादंबरी’ ठरतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला कादंबरी म्हणणारी शिकलीसवरली माणसं मी ऐकली आहेत. बाईंनी आपलं जगणं सांगितलं आणि आपण त्यांना गोष्ट रचल्याचं श्रेय देऊन मोकळे! रचलेलं आणि घडलेलं यातला फरक शाळेत शिकवतात, तो इथे उगाळत नाही. खरी गंमत ‘कादंबरी’ या शब्दात आहे.

हा शब्द सातव्या शतकातल्या, हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाकडून आला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कादंबरी ही त्याच्या कथेची नायिका, तिचं नाव ग्रंथाला आणि ग्रंथाचं नाव पुढे अख्ख्या साहित्यप्रकाराला. बहुतेक जण इथेच थांबतात. मुळात कादंबरी म्हणजे दारू! काजूच्या बोंडूंची फेणी, तशी कदंबाच्या फुलांची कादंबरी. गोव्यात याहून जास्त समजवायला नको. विष्णुपुराणात बलरामाला वारुणी, म्हणजे मद्यच, सापडते तीही कदंबाच्या ढोलीत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मद्याचे पर्याय दिलेत, त्या यादीत कादंबरी आहे आणि मदिराही आहे.

इथे काही विद्वान, विशेषतः सोवळ्यातले, हंस घेऊन येतात. ‘कादम्ब’ म्हणजे कलहंस, हेही अमरकोशातच आहे, म्हणून नायिका हंसासारखी, दारूचा संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी बाणाची कथा उघडून नायिकेच्या आईचं नाव वाचावं. आई मदिरा, मुलगी कादंबरी. एवढं असूनही ज्याला हंस दिसतो, त्याला काय बोलणार? बाणाची कथा अपुरी राहिली आणि ती त्याच्या मुलाने पुरी केली. मुलगा आपल्या भागाच्या सुरुवातीला म्हणतो, ‘कादम्बरीरसभरेण समस्त एव मत्तो न किञ्चिदपि चेतयते जनोऽयम्’. या कादंबरीच्या रसाने सगळे इतके झिंगलेत की कुणाला कसलंच भान नाही, तेव्हा माझ्या नीरस शब्दांचं शेपूट जोडायला मला भीती नाही. घरातलाच माणूस साक्ष देतोय. रात्री दोन वाजेपर्यंत पान सुटत नाही, त्या अवस्थेला याहून चांगलं नाव कुठल्या भाषेने दिलंय?

दुसरा आक्षेप असा की विशेषनामाचं सामान्यनाम करणं हा आळस आहे, शुद्ध शब्द ‘उपन्यास’. हेच लोक दुकानात जाऊन ‘झेरॉक्स’ मागतात. शिवाय उपन्यास हिंदी-बंगालीत चालतो. गोव्याच्या सीमेवरचं पोळे ओलांडून कारवारला गेलात की कन्नडात उपन्यास म्हणजे व्याख्यान. तिथे ‘दोन उपन्यास वाचले’ म्हणून पाहा! गुजरातीत नवलकथा आहे. कादंबरी म्हणणारे आपण, कन्नडिगा आणि कोंकणी. आता हा नकाशा डोळ्यांपुढे आणा: बनवासी, हळशी, चांदोर, गोवापूर. हा सगळा कदंब राजघराण्याचा मुलूख. तळगुंदाच्या शिलालेखात त्या कुळाचं नाव घराजवळच्या कदंबाच्या झाडावरून पडल्याचं सांगितलंय. ज्या भूमीवर कदंबांनी राज्य केलं, तिच्या आसपासच्याच भाषांत कादंबरी हा शब्द रुजावा, हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. माझे एक इतिहासवाले स्नेही यावर हसतात. राजवट चौदाव्या शतकात बुडाली आणि मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी ‘यमुनापर्यटन’ आली 1857 साली, मध्ये पाचशे वर्षं झाडावर शब्द लटकत होता काय, असं विचारतात. लटकत असेल. झाडं तेवढी टिकतात. पुरावा माझ्याकडे नाही, पण पणजी स्थानकावर ‘कदंब’ बसमध्ये कुणी कादंबरी उघडून बसलेलं दिसलं की माझ्यापुरता खटला निकालात निघतो.

राहिलं आठवणींचं पुस्तक. त्यातही सरसकट ‘आत्मचरित्र’ म्हणू नका. आत्मचरित्रात जन्मापासूनचा हिशेब अपेक्षित असतो. रमाबाई रानडे यांनी 1910 मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘काही आठवणी’ म्हटलं, त्यातलं ‘काही’ फार मोलाचं आहे. ‘आत्मकथन’ हा आणखी वेगळा मामला, त्यात कुणीतरी कुणाला तरी सांगत असतं. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) दगडू दया पवारांनाच सांगतोय, म्हणून तिथे तो शब्द चपखल बसतो.

माझं आवडतं नाव मात्र आपल्या साखवाळच्या माणसाचं आहे. 1876 साली तिथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश फिरले, आणि त्या आयुष्याच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं ‘निवेदन’. विद् म्हणजे जाणणं, त्यावरून निवेदन म्हणजे कळवणं. फुशारकी नाही, चरित्र नाही, नुसतं कळवतो. आता निवेदन म्हणजे मामलेदाराला देताना फोटो काढून घ्यायचा कागद. त्यावरची चिडचिड पुढच्या वेळी.