गजातून बोट आत घालू नका
वाचकांचे प्रश्न : पाळीव उंदीर

या खेपेच्या टपालात सांगली-साताऱ्याकडची बरीच पत्रं पाळीव उंदरांबद्दल आहेत. मराठीत कपाटामागच्या चिमुकल्या उंदराला आणि पाव किलोच्या पांढऱ्या उंदराला एकच शब्द आहे, म्हणून आधीच सांगतो: या पानावरचा उंदीर म्हणजे दुसरा. वीतभर अंग, जवळपास तेवढीच शेपटी, पिढ्यान् पिढ्या माणसाळलेला. मादी साधारण पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम, नर अर्ध्या किलोपर्यंत. आयुष्य दोन ते तीन वर्षांचं.

प्रश्न : परदेशी चाललेल्या एका मुलीकडून पुण्याहून दोन महिन्यांचे दोन नर आणले. चार दिवस झाले, खोक्यातून बाहेर येत नाहीत. मुलानं गजातून शेंगदाणा दिला तर एकानं बोटच धरलं. चावके निघाले का? (विश्रामबाग, सांगली)

नाही. उंदराची नजर अधू असते, सगळा कारभार नाकावर आणि मिशांवर. गजातून काहीतरी आत आलं आणि त्याला दाण्याचा वास आहे, तर तो ते धरून ओढणारच. दाणा कुठं संपला आणि बोट कुठं सुरू झालं हे त्याला कळत नाही. तेव्हा पाहुण्यांसकट सगळ्यांना एकच नियम: खाऊ द्यायचा तो दार उघडून, चमच्यात नाहीतर तळहातावर.

चार दिवस म्हणजे काहीच नाहीत. पिंजरा जमिनीवर असेल तर आधी टेबलावर घ्या. वरून येणारी कुठलीही गोष्ट त्यांना घारीसारखी वाटते, त्यामुळे जमिनीवरच्या पिंजऱ्यात तुमचा प्रत्येक हात म्हणजे झडप. मागची बाजू भिंतीला टेकवा, टीव्ही आणि मिक्सरपासून लांब ठेवा. लपायचं खोकं काढून घेऊ नका. लपायला जागा असली तरच ते बाहेर यायची हिंमत करतात. मात्र खोक्याला दोन दारं ठेवा, म्हणजे एकानं दुसऱ्याला आत कोंडायला नको. जुन्या घरातला एखादा फडका मिळाला तर धुऊ नका, तसाच आत टाका. सोबत तुमचा दिवसभर घातलेला एखादा बनियन.

उंदीर दिवेलागणीला जागे होतात, तेव्हाच रोज अर्धा तास शेजारी बसा आणि हलक्या आवाजात बोलत राहा. चमच्याला साधं दही लावून दारातून पुढं धरा. दाणा दिला की तो उचलून पळतो, दही तिथंच उभं राहून चाटावं लागतं. सगळी गंमत एवढीच. दोन-तीन दिवसांनी तेच दही तळहातावर. मग दिवाणावर चादर पसरून किंवा कोरड्या बाथरूममध्ये, कमोडचं झाकण लावून, वीस मिनिटं मोकळे सोडा आणि तुम्ही नुसते बसा. त्यांनी तुमच्यावर चढायचं, तुम्ही पकडायचं नाही. उचलायची वेळ आली तर बाजूनं दोन्ही हात घाला, एक छातीखाली, एक मागच्या पायांखाली. पूर्ण विश्वासाला दोन-तीन आठवडे लागतात, भित्र्याला महिना-दीड महिना.

आणखी एक. प्लगला लावायचं ‘उंदीर पळवणारं’ यंत्र घरात असेल तर काढून टाका. त्याचा आवाज आपल्याला येत नाही, उंदराला मात्र आपल्या कितीतरी पट वरचे सूर ऐकू येतात. पुढं कधी मांडीवर बसून दात करकर वाजवत डोळे आत-बाहेर करायला लागला तर दवाखाना गाठू नका. तो खुशीत आहे.

प्रश्न : पक्ष्यांच्या पिंजऱ्यात दोन माद्या आहेत. खाली वखारीतला भुसा टाकतो, तरी तिसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी येईल असा वास येतो. उसाचा चोथा फुकट मिळतो, तो चालेल का? (मिरज)

चोथा नको आणि तो भुसाही नको. साठवलेल्या चोथ्यात बुरशी धरते, तिची धूळ माणसाच्याही फुप्फुसाला बाधते. वखारीतला भुसा कसल्या लाकडाचा आहे ते सांगता येत नाही. देवदार किंवा पाइनचा असेल तर त्यातली वासाची द्रव्यं श्वासनलिका जाळतात आणि यकृतावरही ताण आणतात. शिवाय तो पिठासारखा बारीक असतो. उंदीर आजारी पडतो तो बहुधा छातीनंच, म्हणून आम्ही अंथरुणाची निवड वासापेक्षा धुळीवर करतो. कागदाच्या पट्ट्या, फाडलेले अंड्यांचे ट्रे, साधा टिश्यू पेपर, दोन-तीन इंच थर. वर्तमानपत्र चालतं, फक्त पांढऱ्या माद्या राखाडी दिसतील. गोधडीचे तुकडे घालू नका. सुटलेला दोरा पायाला गुंडाळला की पाऊल सुजून काळं पडतं.

डोळ्यांत येतं ते पाणी अमोनियाचं. मुतातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, आणि तुम्हाला उभ्यानं वास येतो तेव्हा तळाशी नाक असलेल्या उंदरानं तो दोन दिवस आधीपासून घेतलेला असतो. उपाय असा: ज्या कोपऱ्यात त्या मुततात तिथं पसरट ट्रे ठेवा आणि त्यात नदीतला गुळगुळीत, पसरट दगड. का कोण जाणे, उंदरांना अशा दगडावर मुतायला आवडतं. दगड रोज धुवायचा, ट्रेमधला कागद एक दिवसाआड बदलायचा. पूर्ण पिंजरा आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं, फिनेलनं नाही. धुतल्यावर जुन्या कोरड्या कागदाची एक मूठ परत टाका. सगळा वास पुसून काढला की त्या घाबरून आणखी जास्त खुणा करतात, आणि मग घर म्हणतं, “धुतलं तरी वास जात नाही!”

पक्ष्यांच्या पिंजऱ्याचा तळ जाळीचा असतो. त्यावर सतत चालून तळव्यांना फोड येतात, ते पिकतात आणि बरे व्हायला महिने लागतात. जाळीवर प्लायचा किंवा प्लास्टिकचा सपाट तुकडा बसवा. नवीन करून घेणार असाल तर वेल्डरला माप द्या: अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, अडीच फूट उंच, मधे एक माळा, जाळी अर्धा बाय अर्धा इंच. नुसती गॅल्व्हनाइज्ड जाळी मूत्रानं गंजते आणि वास धरून ठेवते, म्हणून पावडर कोटिंग करून घ्या.

प्रश्न : आणल्यापासून आठ दिवस शिंका चालू आहेत. डोळ्याच्या कोपऱ्यात आणि नाकाला रक्त दिसतं. (तासगाव)

ते रक्त नाही. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं तांबडं द्रव्य येतं. ताण आला किंवा बरं नसलं की जास्त येतं. खात्री करायची असेल तर ओल्या पांढऱ्या कापसानं टिपा आणि तो कापूस नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. गुलाबी-लाल चमकला तर पॉर्फिरिन, रक्त असं चमकत नाही. दिवा उंदराच्या डोळ्यांवर मारू नका.

घर बदलल्यावर आठवडा-दोन आठवडे शिंका येतात. पण जवळजवळ सगळ्या पाळीव उंदरांच्या अंगात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू आईकडूनच आलेला असतो. तो निपटून काढता येत नाही, दाबून ठेवता येतो, आणि ताण, अमोनिया, धूर यांनी उसळतो. म्हणून मोजत बसायचं ते शिंका नव्हे, श्वास. उंदीर हळूच उचलून फोनसारखा कानाला लावा. निरोगी उंदराच्या पाठीतून काही ऐकू येत नाही. घरघर, टिकटिक, कबुतर घुमल्यासारखा आवाज आला, बरगड्या आत ओढल्या जात असतील, केस पिंजारून कुबड काढून बसला असेल किंवा वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. मोठ्या उंदराचं वजन दहा टक्क्यांनी घटलं म्हणजे काहीतरी बिनसलं, मग तो वरून कितीही हुशार दिसो.

डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, कधी जोडीला एन्रोफ्लॉक्सॅसिन. मात्रा वजनावर ठरते, ती त्यांनीच ठरवावी. औषध दोन-तीन आठवडे चालतं, शिंका थांबल्या म्हणून मधेच सोडायचं नाही. डॉक्सिसायक्लिन दह्यादुधातून देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमला चिकटून ते वाया जातं. कुस्करलेल्या केळ्यातून द्या. घरातली उरलेली अमॉक्सिसिलिन मायकोप्लाझ्मावर चालत नाही. ते औषध जंतूच्या पेशीभिंतीवर घाव घालतं, आणि या जंतूला पेशीभिंतच नसते. गुरांचे डॉक्टर उंदीर बघायला कचरतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडेही चौकशी करून ठेवा. चौकशी आजच करा, उंदीर धापा टाकायला लागल्यावर नव्हे.

तोवर खोलीतून उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती आणि डांबराच्या गोळ्या हलवा. मिरचीच्या फोडणीला पिंजऱ्याच्या खोलीचं दार बंद. शेजारी हळद पॉलिश होत असेल तर त्या दिवसांत त्या बाजूची खिडकीसुद्धा.

प्रश्न : चपाती-दूध देतो, आवडीनं खातात. बेदाणे, पेढा चालतो का? (कराड)

आवडीनं तर ते साबणही खातील. चपाती-दुधावर उंदीर जाडा होतो आणि पोसला जात नाही. मोठ्या उंदराला दिवसाला १५ ते २० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठीचं गोळीखाद्य मिळालं तर तेच मुख्य ठेवा, कारण त्यात निवडून खायला वाव नसतो. न मिळाल्यास शाळू, बाजरी, गहू, ओट्स, चुरमुरे असं धान्य तीन वाट्या (हे मिश्रणाचं प्रमाण, रोजचं माप नव्हे), भिजवून उकडलेले सोया चंक्स किंवा शिजवलेली मसूर अर्धी वाटी (ही रोजची ताजी), चमचाभर जवस. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा अंगठ्याएवढा तुकडा आणि चिमूटभर बिनमिठाची सुकट. रोज थोडी भाजी: गाजर, काकडी, कोबी, मोड आलेले मूग. वाटी रिकामी झाल्याशिवाय भरू नका, नाहीतर चुरमुरे संपतात आणि शाळू राहतो. घरच्या मिश्रणात जीवनसत्त्वं कमी पडतात, पूरक काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

कच्चा राजमा, वाल, पावटा अजिबात नको. कांदा, चॉकलेट नको. नरांना संत्र्याची साल नको, तिच्यातलं लिमोनीन फक्त नर उंदरांच्याच मूत्रपिंडाला इजा करतं. दाणे द्यायचे तर भाजून, एखाद-दुसरा. खवट किंवा बुरशीचा वास आला तर टाकून द्या. चिक्की, पाकातला गूळ, पीनट बटर असलं चिकट काही नको, कारण उंदराला उलटी करता येत नाही. घशात अडकलं की अडकलं. बेदाणा आठवड्याला एक-दोन, गंधकाची धुरी न दिलेला. पेढा तुम्हीच खा.

प्रश्न : दुकानदारानं ‘दोन्ही माद्या’ म्हणून दिले. आज सकाळी नऊ पिल्लं! (इस्लामपूर)

नर आत्ता, हा अंक बाजूला ठेवून, वेगळा काढा. बाळंतीण मादी चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते. तो रात्रभर सोबत होता, तर पुढची वीण जवळपास धरूनच चाला. एरवी गर्भ २१ ते २३ दिवसांचा. दूध पाजत असली तर आणखी काही दिवस लांबतो.

पिल्लांना पहिले दोन-तीन दिवस नुसतं बघा, आई बाहेर खायला आली की. तिला रोज अंडं, डाळ आणि भरपूर पाणी. डोळे दोन आठवड्यांनी उघडतात. दहाव्या दिवसाच्या सुमाराला केस अजून आखूड असतात, तेव्हा पोटावर स्तनांच्या ठिपक्यांच्या ओळी दिसल्या ती मादी. तेव्हाच नोंद करा, पुढं केसांत झाकल्या जातात. पाच आठवडे व्हायच्या आत नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी. घाबरलेला किंवा गारठलेला नर वृषणं आत ओढून घेतो, दुकानातली चूक बहुधा तिथंच होते.

प्रश्न : जतला उन्हाळा कडक. कूलर लावू का? (जत)

उंदराला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापून थंड होणंही नीट जमत नाही. उष्णता जाते ती शेपटीतून. तीस अंशांच्या वर त्याला त्रास व्हायला लागतो. पत्र्याखालची खोली टाळा. जतच्या कोरड्या हवेत कूलर चालेल, पण वारा थेट पिंजऱ्यावर नको आणि खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर दमटपणात अमोनिया वाढतो. पाण्यात भिजवलेलं कौल किंवा फुटक्या माठाचं खापर आत ठेवा, त्यावर ते पोट टेकून पसरतात. गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात. पाण्याच्या बाटल्या दोन लावा; नळीतली गोळी अडकली तर एका दुपारीत जीव जाऊ शकतो. लाळ गाळत आडवा पडलेला दिसला तर पाय आणि शेपटी साध्या पाण्यानं भिजवा, बर्फाच्या नव्हे, आणि तसाच डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : शेपटीला धरून उचललं तर चालतं का? (वाई)

नाही. शेपटीची कातडी मोज्यासारखी सोलून निघते आणि परत येत नाही.

प्रश्न : घर शेतालगत. घरात रानउंदीर येतात, औषध ठेवावं लागतं. पाळलेल्यांना धोका? (हरिपूर)

दोन्हींचा. रानउंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस येतो, पाळलेल्याला आणि तुम्हालाही. पूर ओसरल्यावरच्या दिवसांत तर हमखास काळजी घ्यायची. खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवा, सांडलेलं रात्री झाडून काढा, तुमच्यासारख्या घरात पिंजरा भिंतीला न टेकवता थोडा पुढं आणि पायांवर उभा करा. मोकळे सोडायच्या खोलीत विषाचा एक दाणाही नको, चिकट सापळाही नको. झिंक फॉस्फाईडला उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या विषावर व्हिटॅमिन के-१ चालतं, पण लक्षणं दिसायला दोन-चार दिवस लागतात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी विषाचं पाकीट घेऊन दवाखान्यात जा. गुरांचं गोचीड मारायचं औषध उंदराच्या पिसवांवर लावायचा मोह काहींना होतो, तो आवरा. तेवढ्या ताकदीचा थेंब पाव किलोच्या जिवाला पुरतो.

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आठ दिवसांचं खाद्य आणि पाण्याची बाटली दाराशी काढून ठेवा. पिंजरा होडीत घेत नाहीत.