हातमोजे घरी ठेवा, हात धुऊन जा

फोटोग्राफीच्या पुस्तकांच्या मोफत, मुक्तद्वार ग्रंथालयात पहिल्यांदा जाताय, तर पांढरे हातमोजे न्यावेत का, किती वेळ काढावा आणि त्याआधी मुंबईत अशी पुस्तकं कुठे बघायला मिळतील, असं तुम्ही विचारलंय. बाकीचं नंतर. आधी हातमोजे.

नेऊ नका. छापील पुस्तकाला सुती हातमोज्याइतका दुसरा शत्रू नाही. बोटाला कागदाची कड लागत नाही, एक पान उचललं की दोन ते कळत नाही, मग माणूस चिमटीत पकडून ओढतो. शिवाय सूत घाम शोषतं आणि तोच घाम पुढच्या पन्नास पानांवर पुसत जातं.

माझं काम पुस्तकबांधणी आणि दुरुस्तीचं. एका प्रदर्शनातून दुरुस्तीला आलेलं पुस्तक सांगतो. मध्ये बाहेर उलगडणारं घडीचं पान, १७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा, मॅट आर्ट पेपर. घडीपासून आत चार सेंटिमीटर चीर आणि चिरेच्या तोंडाशी अडकलेले दोन पांढरे धागे. पुस्तक कोणी आणि कसं हाताळलं, ते धागेच सांगत होते. साध्या कागदाची चीर गव्हाच्या पातळ खळीने आणि जपानी टिशूने, म्हणजे तलम पण चिवट कागदाने, सांधता येते, पटकन दिसतही नाही. आर्ट पेपरचं तसं नसतं. त्याच्यावर खनिज भुकटीचा लेप असतो. खळीतलं पाणी लागलं की लेप फुगतो, कागदाला लाट येते आणि सांध्यापाशी वेगळाच चकाकणारा डाग राहतो, तो जात नाही. म्हणून टिशूवर आधी मेथिल सेल्युलोज हा डिंकासारखा पदार्थ लावून वाळवायचं, जेमतेम ओल देऊन पानाच्या मागून बसवायचं आणि ब्लॉटिंग पेपर घालून वजनाखाली ठेवायचं. तरी छपाई दोन्ही बाजूंना असेल तर मागच्या फोटोवर पट्टी दिसणारच. हातमोजे सक्तीचे करणाऱ्यांचं म्हणणं असं, की ते घातले की लोक जपून वागतात. जपून वागल्यासारखे दिसतात, एवढंच.

तर हात साबणाने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. क्रीम नको, आणि सॅनिटायझर लावून लगेच पुस्तकाला हात नको. वडापाव खाऊन आला असाल तर दोनदा धुवा. मॅट कागदावर गच्च काळी छपाई असेल तिथे बोटाचा ठसा उमटतो आणि पुसायला गेलं की तिथेच चमक येते. अशी पानं कडेनेच धरा. पावसाळ्यात छत्री आणि ओली बॅग बाहेर, पाण्याची बाटली टेबलावर कधीच नाही. आर्ट पेपर भिजून चिकटलेल्या अवस्थेतच वाळला तर पानांची वीट होते. ती वीट सोडवायला जाल तर फोटोचा थर समोरच्या पानावर निघून येतो.

पुस्तक काढताना वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, कणा तिथेच फाटतो. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकला आणि मधलं कण्याच्या मध्यावर पकडा. ३० बाय ३० सेंटिमीटरचं, १७० जीएसएमवर छापलेलं तीनशे पानी पुस्तक पुठ्ठ्यासकट अडीच किलोच्या पुढे जातं. ते दोन्ही हातांनी उचला, आडवं ठेवा आणि मांडीवर घेऊन उघडू नका.

कण्याकडे एकदा वरून बघून घ्या. फर्मे, म्हणजे घड्या घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवलेले दिसले, म्हणजे जुजबंदी असेल, तर पुस्तक बऱ्यापैकी सपाट उघडतं. नुसत्या गोंदाची परफेक्ट बायंडिंग असेल तर तळव्याने दाबू नका. दोन पानांवर पसरलेल्या फोटोचा मधला भाग कण्यात गेलेला असतो, तो बघायला लोक दाबतात, गोंद तडकतो आणि पान सुटतं. ग्रंथालयात पुस्तक टेकवायचे फोमचे उतार असतील तर मागून घ्या, नाहीतर दोन्ही पुठ्ठ्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून साधारण १२० अंशांतच उघडा.

दोन तासांत तीन-चार पुस्तकं पुष्कळ झाली. पहिल्यांदा मजकूर न वाचता सलग उलटा, कुठे कोरं पान सोडलंय ते बघा. दुसऱ्यांदा समोरासमोरचे फोटो जोडीने बघा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. शेवटच्या पानावरची मुद्रक, कागद, आवृत्ती ही माहिती पेन्सिलीने उतरवून घ्या. दहापट भिंग न्या. कृष्णधवल छपाई एकाच काळ्या शाईची आहे की त्याला करड्या शाईची जोड आहे, हे त्यातून कळतं. मोबाइलवर सगळं दिसतंच म्हणणाऱ्यांना हे कधी दिसलेलं नसतं. भिंग मात्र काळ्या भागावर घासू नका.

फोटो काढायचा तर आधी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा. नोंदीपुरतं एखादं पान ठीक आहे, अख्खं पुस्तक टिपू नका. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो.

मुंबईचं म्हणाल तर इथे मोफत वाचनालय म्हटलं की नाक्यावर पेपर चाळणारी मंडळीच डोळ्यांपुढे येतात. पण १९५४च्या कायद्याने भारतातल्या प्रकाशकाने मुंबईतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला एक प्रत द्यायची असते. त्यामुळे इथे प्रकाशित झालेलं पुस्तक तिथे शोधून बघा. साठा कुठल्या इमारतीत आहे आणि पुस्तकाच्या मागणीची चिठ्ठी कधी द्यायची ते आधी फोन करून विचारा. परदेशी प्रकाशकाच्या पुस्तकाला हा नियम लागू नाही, त्यामुळे जर्मनीत निघालेलं भारतीय छायाचित्रकाराचं पुस्तक तिथे नसलं तर ग्रंथपालांवर चिडू नका.

हातमोज्यांच्या बाबतीत एक अपवाद मात्र मान्य करतो. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराच्या मुंबईतल्या जातीजमातींवरच्या १८६०च्या दशकातल्या खंडांत फोटो छापलेले नाहीत, मूळ प्रिंट चिकटवलेल्या आहेत. असं काही समोर आलं तर प्रिंटच्या पृष्ठभागाला हात लावायचाच नाही आणि लावावाच लागला तर हातमोजे घालायचे. तेही नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, पावडर नसलेले. सुती तिथेही नकोत.