मूव्हिंग कॉइल मीटर एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर, शून्य का दाखवतो? मूव्हिंग आयर्न मीटर मग एसीवर कसा चालतो?

मूव्हिंग कॉइलमध्ये कायमचुंबकाच्या क्षेत्रात ॲल्युमिनियमच्या चौकटीवर गुंडाळलेली कॉइल असते. प्रवाह गेला की ती फिरते, बारीक स्प्रिंग तिला मागे ओढते, दोन्हींचा जोर जुळला की काटा थांबतो. प्रवाह उलटला की जोरही उलटतो. ५० हर्ट्झला दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते. काटा तेवढा चपळ नाही, म्हणून शून्यावर फार तर थरथरतो. तेव्हा शून्य दिसलं म्हणून तार मेली असं समजू नका.

मूव्हिंग आयर्नमध्ये कॉइल स्थिर असते. आतल्या दोन लोखंडी पट्ट्या सारख्याच चुंबकित होऊन एकमेकींना ढकलतात, प्रवाहाची दिशा कुठलीही असो. जोर प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून आरएमएस, म्हणजे एसीचं परिणामकारक मूल्य मिळतं, पण स्केल सुरुवातीला दाटलेलं असतं. तिथलं वाचन फारसं धरू नये.

मूव्हिंग कॉइल मीटरची रेंज वाढवायची तर: समजा कॉइल १०० ओहमची, पूर्ण काटा १ मिलिअँपिअरला. १० व्होल्टसाठी ९,९०० ओहमचा रोध सिरीजमध्ये. १० अँपिअरसाठी समांतर शंट, म्हणजे बहुतेक प्रवाह स्वतःतून नेणारा छोटा रोध: कॉइलवरचे ०.१ व्होल्ट ÷ शंटमधले ९.९९९ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ०.०१ ओहम. खरी गडबड इथेच होते. मीटरच्या तारा शंटच्या मोठ्या, प्रवाहाच्या बोल्टांवर कसल्या आणि तिथल्या सांध्यात ०.००१ ओहम जरी आला, तरी ५ चे ५.५ अँपिअर दिसतात. शंटवरचे छोटे स्क्रू मीटरच्या तारांसाठीच वेगळे दिलेले असतात. आणि प्रवाह चालू असताना शंट सुटला तर कॉइल जळते.