उजाड दगडखाणीत स्वतः उभं राहून परफॉर्मन्स फोटो करायचे आहेत. कॅमेरा मित्र धरेल. लेन्स कोणती घ्यावी?

लेन्सचं नंतर सांगते. आधी फोटो कोणाचा, ते ठरवा. मित्राशी बोलून, कागदावर.

बंद पडलेल्या दगडखाणीत मीही असं काम केलंय. तिथल्या कातळावर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या पन्हळी राहिल्या होत्या आणि तळाशी क्रशरच्या भुकटीचा राखाडी गाळ साचला होता. तो गाळ अंगाला लिंपून मी पन्हळींना पाठ लावून उभी राहिले. लेप वाळून तडकेपर्यंत हलायचं नाही, एवढंच काम. पहिली चीर गळ्याच्या खळगीत पडली, कारण श्वास थांबवता येत नाही. मग बरगड्यांवर. खाण आणि मी एकाच रंगाच्या, फक्त माझ्यावरच्या भेगा हलत होत्या. जागा, लेप, ट्रायपॉडवरची चौकट सगळं मी ठरवलेलं. माझ्या खुणेवर एका मित्राने बटण दाबलं. प्रदर्शनात फोटोखाली छायाचित्रकार म्हणून त्याचं नाव लागलं आणि मी ‘मॉडेल’! आयोजक म्हणाले, फोटो नसता तर तुमच्या उभं राहण्याचं काय उरलं असतं?

हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. बीजिंगजवळ १९९५मध्ये दहा कलाकार विवस्त्र होऊन एकमेकांवर आडवे झाले आणि एका निनावी डोंगराची उंची एक मीटरने वाढवली. तो फोटो जगभर मुख्यतः त्यांच्यातल्या झांग हुआनच्या नावाने ओळखला गेला आणि श्रेयावरून त्या कलाकारांमध्ये वाद झाला. शटर छायाचित्रकार लू नानने दाबलं होतं. पण त्या फोटोत आपण बघतो काय? एकावर एक रचलेली माणसं. क्यूबन-अमेरिकन कलाकार आना मेंदिएताने सत्तरच्या दशकात चिखलात, गवतात आपल्या देहाचे आकार उमटवले आणि अनेकदा कॅमेराही स्वतःच हाताळला. तुम्हीही इंटरव्हल टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारी सोय, लावा, म्हणजे प्रश्नच मिटला. मित्र हवाच असेल तर फोटोचा हक्क कोणाचा ते लिहून घ्या, कारण बहुतेक देशांत कायदा फोटो काढणाऱ्याला पहिला हक्क देतो.

लेन्स ३५ मि.मी., अ‍ॅपर्चर एफ ११च्या आसपास. पोर्ट्रेट लेन्सने मागचं धूसर केलंत तर खाण गेली, उरलं फक्त तुमचं अंग. मग तिथवर जायचं कशाला?

एक मात्र पाळा. दगडाच्या भुकटीत सिलिका असते, ती फुप्फुसात साचते. गाळ ओला असतानाच लावा, काम झालं की लगेच धुवा, कोरडी भुकटी उडत असेल तर मास्कशिवाय थांबू नका. कड्याचे दगड सुटे असतील तर पाठ टेकवू नका. आणि रासायनिक सांडपाण्याचा गाळ असेल तर अंगाला लावूच नका, फोटो कितीही चांगला येणार असला तरी.