वजाबाकीची चूक आणि गुणदान

डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) वर्गाला पहिल्यांदाच गणित शिकवताय, तर नुसत्या बरोबर उत्तराला गुण देऊ नका. ५२ − २८ = ३६ असं शाळेतल्या मुलानं सोडवलेलं गणित द्या आणि विचारा, मुलानं नेमकं काय केलं? ‘हातचा विसरला’ एवढंच लिहिलं तर १० पैकी ३. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, हे ओळखलं तर ६. एक दशक सुटं करून ४ दशक १२ एकक कसे होतात, हे काड्या-गठ्ठ्यांनी दाखवलं तरच पूर्ण १०. ही वाटणी काम देतानाच फळ्यावर लिहा, नंतर हुज्जत होत नाही. पुणे महापालिकेच्या शाळेत सरावपाठ असेल तर खऱ्या वहीतलीच चूक आणायला सांगा. पाठाचं टाचण (लेखी आखणी) त्यांनी सुधारून आणलं तर पुन्हा घ्या, पण आधी काय चुकलं होतं हे लिहिल्याशिवाय वाढीव गुण देऊ नका. नाहीतर शेजारच्याचं उतरवून आणतात.