वाळत घालणं, वाळू घालणं आणि वाळीत टाकणं

एका ताईंचा प्रश्न आला आहे. माहेर परभणीकडचं, सासर पुण्यात. धुणं झालं की त्या म्हणतात, "कपडे वाळू घालते." घरात हसू होतं, 'वाळू काय बांधकामावर घालायची का?' म्हणून. मग त्यांनी 'वाळत टाकते' म्हणायला सुरुवात केली, तर सासूबाई म्हणाल्या, "टाकते नाही, घालते म्हण. वाळीत टाकतात माणसाला." आता त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. 'वाळू घालणं' अशुद्ध आहे का? 'घालणं' बरोबर की 'टाकणं'? आणि 'वाळीत टाकणं' कपड्यांच्या वाळण्यावरूनच आलं का?

ताई, 'वाळू घालणं' अजिबात अशुद्ध नाही. ते खुशाल म्हणत राहा. त्यातल्या 'वाळू'चा रेतीशी काही संबंध नाही. ते 'वाळणे' या क्रियापदाचं ऊ-कारान्त रूप आहे, आणि ते अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. 'चादर वाळू दे जरा', 'आता कुठे वाळू लागलीय' असं पुण्यातही सगळे म्हणतात. तिथे रेती कुणाच्या मनात येत नाही. करू देणं, करू लागणं, करू शकणं, करू पाहणं, या सगळ्यांत हेच रूप आहे.

राहिलं त्याच्यापुढचं 'घालणं'. जेवू घालणं, खाऊ घालणं, न्हाऊ-माखू घालणं हे प्रयोग प्रमाण मराठीत मानाने नांदतात. लेकराला जेवू घालतात, बाळंतिणीला न्हाऊ घालतात. फरक एवढाच, की पुण्याकडच्या बोलीत ही रचना माणसांपुरती आणि फार तर गाईगुरांपुरती उरली. मराठवाड्यात आणि विदर्भात ती वस्तूंनाही लावतात. साबुदाणा भिजू घालतात, डाळ शिजू घालतात, कपडे वाळू घालतात. मला तर या बोलण्यात एक आपुलकी जाणवते. लेकराला जेवू घालायचं आणि लुगडं वाळू घालायचं, दोन्हींना एकच क्रियापद.

पुण्याकडे याच जागी 'त' येतो: वाळत घालणं, भिजत घालणं, मुरत घालणं, शिजत ठेवणं. 'भिजत घोंगडं' मधला 'भिजत' हाच. या रचनेचं मला फार कौतुक आहे, कारण तिच्यात कामाची बारीक वाटणी आहे. आपण फक्त सुरुवात करून द्यायची, पुढचं काम वस्तूने आपलं आपण करायचं. डाळ पाण्यात टाकेपर्यंत आपलं काम, भिजायचं तिचं तिने. कपडा दोरीवर पसरेपर्यंत आपलं, पुढे ऊन आणि वारा बघून घेतात.

'वाळवणं' आणि 'वाळत घालणं' यांत फरक आहे तो इथेच. दोन वाक्यं म्हणून बघा. 'सकाळीच कपडे वाळत घातले, पण वाळले नाहीत.' श्रावणात घरोघरी ऐकू येणारं, अगदी सरळ वाक्य आहे. आता 'सकाळीच कपडे वाळवले, पण वाळले नाहीत' म्हणा. लगेच अडखळायला होतं. 'वाळवलं' म्हटलं की वाळून झालं, काम तडीला गेलं. 'वाळत घातलं' किंवा 'वाळू घातलं' मध्ये तसं कुठलंच आश्वासन नाही. म्हणून इस्त्रीने ओला रुमाल वाळवता येतो, पण इस्त्रीखाली तो 'वाळत घातला' असं कुणी म्हणणार नाही. आणि गाद्या, रजया, लोकरीचे कपडे ओले नसतातच, नुसते सर्दावलेले असतात. त्यांना आपण वाळत घालत नाही, 'ऊन दाखवतो'.

मुंबईत आणि कोकणात 'वाळत'च्या जागी 'सुकत' जास्त ऐकू येतं: कपडे सुकत घाल, सुकले का बघ. 'सुका' हा संस्कृत 'शुष्क'वरून आलेला. कपड्यांपुरते वाळणं आणि सुकणं सारखेच, जे तुमच्या घरात चालतं ते म्हणावं. पण बाकी ठिकाणी दोन्ही शब्दांच्या वाटा थोड्या वेगळ्या आहेत. चेहरा सुकतो, म्हणजे उतरतो, मलूल होतो, आणि जेवून-झोपून उठला की पुन्हा टवटवीतही होतो. माणूस वाळतो तेव्हा मात्र हाडं दिसायला लागतात. फूल सुकतं, पानं वाळून पाचोळा होतो. सुकण्यात आधी ताजेपणा जातो, तर वाळण्यात ओलावा पार संपून वस्तू कडक होते. कोकणात बाजार मात्र सुक्या मासळीचाच भरतो, ती कितीही कडकडीत असली तरी. तेव्हा याचा नियम करू नये, कल म्हणावा. आणि पाणी स्वतः वाळतही नाही, सुकतही नाही. ते आटतं.

आता 'टाकणं'. सासूबाईंच्या म्हणण्यामागची भावना मला समजते. 'टाकलेली बाई', 'टाकून दिलेलं' अशा बोलण्यांमुळे या शब्दाला एक बोच आली आहे. पण मराठीत टाकणं म्हणजे फेकणंच असं नाही. आपण चहा टाकतो, पाहुण्यांसाठी अंथरूण टाकतो, अंगणात सडा टाकतो. सडा घालतातही आणि टाकतातही, मीठ घालतातही आणि टाकतातही. तसंच वाळत घालतातही आणि टाकतातही. माझ्या कानाला 'घालणं' जरा निगुतीचं वाटतं: झटकून, सुरकुती काढून, कडा जुळवून. 'टाकणं' घाईचं. पण हा माझ्या कानाचा कौल आहे, व्याकरणाचा नाही.

आणि 'वाळीत टाकणं'? त्याचा कपड्यांशी काहीही संबंध नाही, आणि याचा पुरावा तुकोबांच्या एका विराणीत आहे. गौळण म्हणते:

वाळो जन मज म्हणोत शिंदळी ।
परि हा वनमाळी न विसंबें ॥

लोक मला वाळोत, शिंदळी म्हणजे बदफैली म्हणोत, पण या वनमाळीला मी सोडणार नाही. इथे 'वाळो'चं कर्म बघा: 'मज'. जन कुणाला वाळणार? मला. म्हणजे हे वाळणं सकर्मक आहे. त्याचा अर्थ वर्ज्य करणं, वगळणं, जातीबाहेर काढणं. कपड्याचं वाळणं अकर्मक आहे. कपडा आपला आपण वाळतो. दुसऱ्या कुणाला ते करायचं असेल तर 'वाळवावं' लागतं. उच्चार एक, पण क्रियापदं दोन. त्यातलं सकर्मक वाळणं रोजच्या बोलण्यातून गेलं. आज 'गावाने त्याला वाळलं' असं कुणी म्हणत नाही. मागे राहिलं ते त्याचं नाम 'वाळी', तेही फक्त 'वाळीत टाकणे' या एका जोडीत.

शब्द अडगळीत गेला, पण प्रथा गेली नाही. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो 2016 चा अधिनियम. कायद्याच्या नावात 'सामाजिक बहिष्कार' आहे, पण अशी घटना घडली की बातमीचा मथळा 'कुटुंबाला वाळीत टाकले' असाच असतो. इतक्या जड अर्थाचा शब्द रोजच्या धुण्याच्या कामात आणू नये असं सासूबाईंना वाटत असेल तर ते मी समजू शकतो. पण 'वाळत' आणि 'वाळीत' हे एकमेकांचे कुणी लागत नाहीत, हे त्यांना जरूर सांगा.

ताईंनी जाता जाता विचारलंय, की आई ज्याला वलणी म्हणते ते म्हणजे दोरीच ना? दोरी असते किंवा आडवा बांबूही. दोन्ही टोकांना टांगलेली, बहुतेक करून घरात, पडवीत किंवा ओसरीवर. वलण, वलणी, वळणी अशी तिची रूपं ऐकू येतात. वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये तिलाच दांडी म्हणत. ती आढ्याजवळ, हाताला न लागेल इतकी उंच असे. नऊवारी लुगडं उभ्या घड्या घालून काठीच्या टोकावर घ्यायचं, तसंच वर चढवायचं आणि काठीनेच ओढून सारखं करायचं. सोवळ्याची वस्त्रं तर मुद्दाम अशी उंच घालत, येता-जाता कुणाचा हात लागू नये म्हणून. सोवळं मोडलं आणि दांड्या गेल्या, ते बरंच झालं. पण त्याच दांडीवर रोजचं धुणंही पावसाळाभर वाळत असे, आणि तिच्यासोबत 'आंबटओलं' सारखा शब्दही मागे पडत चाललाय. पूर्ण ओलं नाही, पूर्ण वाळलेलं नाही, हाताला गार लागतं आणि तसंच घडी करून ठेवलं तर कुबट वास मारतं, ते आंबटओलं. 'दमट' हा शब्द हवेला शोभतो. टॉवेलला आंबटओलाच म्हणावं.

मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर चिमटे न वापरता कपडे वाळत घालतात. दोन दोऱ्या एकमेकींना पीळ देऊन ताणून बांधलेल्या असतात आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचायचं. वारा कितीही सुटो, कपडा जागचा हलत नाही. घरी बांधायची असेल तर अशी पिळाची दोरीच बांधा. तार नको. लोखंडी तारेत विजेचा प्रवाह उतरून कपडे वाळत घालताना माणसं दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, त्यात बायका जास्त असतात. परभणीच्या घरी अजून तार असेल तर या सुट्टीत ती काढून तिथे सुती किंवा नायलॉनची दोरी बांधून या.